मेण लागलेली इस्त्री

मी इस्त्री बोलतेय. नाव इस्त्रीचं राहिलं, पण कपड्याचा स्पर्श होऊन मला युग लोटलं. माझ्या अंगाला आता सुती कापडाचा वास येत नाही. येतो तो मेणाचा, जळक्या धुळीचा आणि रॉडनीच्या तंबाखूचा. मला माझीच शिसारी येते, तर तुम्हाला येईल यात नवल नाही.

मला घरात आणलं लेम्पीने, तिचं लग्न झालं त्या वर्षी. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या या काठावर तेव्हा तांब्याच्या खाणी बंद पडत चालल्या होत्या, आणि तिचा नवरा वाइनो खाण सोडून लाकूडतोडीला लागला होता. आठवडाभर तो माणूस चिखलात आणि भुशात लोळायचा, पण रविवारी चर्चला निघाला की त्याच्या सदऱ्याची कॉलर कागदासारखी ताठ असायची. ते माझं काम. लेम्पी बोटं पाण्यात बुडवून कापडावर शिंपायची, मला गालाजवळ नेऊन आचेचा अंदाज घ्यायची आणि मग एका लयीत फिरवायची. काम झालं की माझा तळवा ओल्या फडक्याने पुसून ठेवायची. इतक्या वर्षांत माझ्यावर एक डाग पडू दिला नाही तिने. मला वाटायचं, जन्म असाच जाणार.

वर्षं सरली. मुलगा रॉडनी मोठा झाला, काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायला लागला. त्याचं लग्न झालं, वाइनो गेला, आणि पुढे ते लग्नही मोडलं. बायको ग्रीन बे शहरात निघून गेली आणि तो लहानग्या काइसाला घेऊन आईकडे परत राहायला आला. एका नाताळला त्याने लेम्पीला वाफेची नवीकोरी इस्त्री दिली. लेम्पी हरखून गेली. फोनवर शेजारणीला सांगत होती, "माझ्या रॉडनीला कळतं हो, आईचा हात दुखतो ते."

कागद उलगडून होतो न होतो तोच रॉडनीने मला बगलेत मारलं. "आई, ही जुनी तू टाकणारच असशील. मी नेतो खाली."

त्याला हवी होते मीच. माझ्या तळव्याला वाफेची भोकं नाहीत. भोकं असली की त्यांत मेण जाऊन बसतं आणि स्कीला, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब फळ्यांना, मेण लावायला तसली इस्त्री चालत नाही. म्हणजे आईला दिलेली भेट कसली, साधी अदलाबदल होती ती. आणि ती बिचारी फोनवर मुलाचं कौतुक करत होती. रॉडनीची मला पहिल्यांदा किळस आली ती तेव्हा.

तळघरात एक लांब टेबल होतं. त्यावर स्की उलटी घालून दोन्हीकडून आवळलेली. बाजूला घर गरम करायची भट्टी धडधडत असायची. तिच्यातून निघालेल्या पत्र्याच्या नळ्या वरच्या प्रत्येक खोलीत जायच्या. त्या नळ्यांतून वरचं सगळं बोलणं खाली ऐकू यायचं. माझं पुढचं आयुष्य त्या ऐकण्यावरच गेलं.

रॉडनीने मला तापवलं आणि मेणाची वडी माझ्या तळव्याला टेकवली. ते वितळून स्कीवर टपटप पडलं. मग त्याने मला त्या राड्यावर ठेवलं आणि ढकलत नेलं. माझ्याखाली कापड नव्हतं, एक बुळबुळीत, गरम, तेलकट पाणी होतं. लेम्पीने जपलेला माझा तळवा पहिल्या फेरीतच पिवळा पडला.

"बघ, काइसा," तो मुलीला सांगत होता. "इस्त्री चालती ठेवायची. कुठे थांबली की स्कीचा तळ जळतो. एकदा जळला की मेण पीत नाही. मग गार होऊ द्यायचं. घाई नाही. मग ही पट्टी घ्यायची आणि सगळं खरवडून काढायचं."

"सगळं काढायचं तर लावायचं कशाला?"

"जे आत मुरतं तेच आपलं. वर दिसतं ते ओझं."

खरवडलेल्या मेणाच्या चकत्या कापलेल्या नखांसारख्या जमिनीवर पडायच्या. त्या मोज्यांना चिकटून जिन्याने वर जायच्या, अंथरुणात शिरायच्या. एकदा लेम्पीला त्या वेलदोडा घातलेल्या नीसू पावाच्या कणकेत सापडल्या. तिने ती सगळी कणीक कोंबड्यांना घातली आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "रॉडनी, आपण जेवतो तिथेच तू पाय पुसतोस."

"हो, आई."

हो म्हणायचा, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्याकडे एक फडकं होतं. त्याने स्की पुसायचा, टेबल पुसायचा, मला पुसायचा आणि नाकही पुसायचा. ओल्या बर्फासाठी एक चिकट लेप असतो, क्लिस्टर म्हणतात. तो नळीतून पिळला की सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखा ओघळतो आणि ज्याला लागतो त्याला सोडत नाही. तो माझ्या मुठीला लागला तो कायमचा. रॉडनी ओठाखाली तंबाखू धरून काम करायचा आणि शेजारी ठेवलेल्या कागदी पेल्यात थुंकायचा. एकदा त्याच्या कोपराने तो पेला लवंडला आणि ते सगळं माझ्या तापल्या अंगावर आलं. चर्र झालं. तो वास मी कुणाला सांगू नये आणि कुणी ऐकू नये.

पण खोटं का बोलू, हात त्याचा चांगला होता. बाहेर जाऊन चिमूटभर बर्फ बोटांत चोळायचा आणि सांगायचा, आज निळं मेण, आज लाल. गावातली माणसं आपापल्या स्की घेऊन यायची. शाळेच्या स्की संघाला शिकवणाऱ्या मार्गो मॅडमनी तर त्याला सांगूनच ठेवलं होतं, शर्यतीच्या सकाळी सगळ्या पोरांच्या स्की तूच बघायच्या. शर्यतीच्या दिवशी मी त्याच्या पिशवीतून शाळेच्या शेडमध्ये जायचे. पोरं झिजलेल्या कडांच्या, वर्षभर गॅरेजमध्ये कुजलेल्या स्की समोर टाकायची आणि रॉडनी म्हणायचा, "अरे, चपलेलासुद्धा याहून जास्त जपतोस की रे." पोरं हसायची. तेवढा वेळ माझा राग जरा कमी व्हायचा.

काइसा स्कीवर जोरात पळणारी निघाली. लांबलचक चढावरही तिचा दम तुटायचा नाही. रॉडनी तरुणपणी स्वतः शर्यतीत पळायचा आणि नेहमी दुसरा यायचा. का, ते तो तळघरात माझ्यासमोर कितीदा तरी बोलला आहे. मोठ्या शहरांतल्या क्लबांकडे एक पांढरी पूड असायची. ती इस्त्रीने तळात जिरवली की स्की ओल्या बर्फावर तेलासारखी सुटायची. रॉडनीच्या बापाला ती कुठून मिळणार? पुढे कळलं की ती पूड विषारी आहे, पाण्यात उतरते, माणसाच्या रक्तातही उतरते. तिच्यावर बंदी आली.

"त्यांचं जिंकून झालं, मग बंदी," रॉडनी म्हणायचा. त्यात थोडं खरं होतं. माझ्या लक्षात राहिली ती त्याची जीभ. तो हे बोलताना वरच्या दातांवरून ती फिरवायचा, काहीतरी चाखल्यासारखी.

गेल्या हिवाळ्यात, काइसाच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, त्याने रंगाच्या डब्यांमागून एक छोटी बाटली काढली. त्या पुडीचीच. कुणा निवृत्त माणसाच्या माळ्यावरून मिळवलेली. काइसा शाळेत होती. लेम्पी चर्चच्या हॉलमध्ये पाव भाजायला गेली होती. वर घरात फक्त पिप्पुरी होता.

पिप्पुरी म्हणजे लेम्पीचा चिमणीएवढा हिरवा पोपट. वाइनो गेल्यावर तिने तो आणला. स्वयंपाकघरात गरम हवेच्या जाळीजवळ त्याचा पिंजरा असायचा, कारण लेम्पीला वाटायचं त्याला थंडी बाधेल. लेम्पी कुठलंही काम सुरू करताना "नो नीन" म्हणते, म्हणजे चला तर. तेच तो दिवसभर म्हणायचा. मला नळीतून ऐकू यायचं. माझ्या त्या घाणेरड्या कोंडवाड्यात तेवढा एक स्वच्छ आवाज होता.

रॉडनीने माझी कळ शेवटपर्यंत फिरवली. इतकी मी कधी तापले नव्हते. पूड स्कीवर भुरभुरली आणि माझा तळवा तिच्यावर दाबला. धूर निघाला, पांढरा आणि गोडसर. मेणाचा धूर मला सवयीचा होता, हा वेगळाच होता. भट्टीने तो ओढून घेतला आणि नळ्यांतून वर फेकला.

एक स्की संपेस्तोवर रॉडनीचा घसा खवखवायला लागला. पाणी प्यायला तो वर गेला. त्याची पावलं स्वयंपाकघरात थांबली ती बराच वेळ थांबली. मग खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग कापड झटकल्याचा. लेम्पी रोज संध्याकाळी पिंजऱ्यावर पांघरूण घालते, ते कापड. संध्याकाळ व्हायला अजून खूप अवकाश होता.

"नो नीन" काही ऐकू आलं नाही.

तो खाली आला. टेबलाशी उभा राहिला. त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि मला वाटलं, आता हा मला बंद करणार. बाटली नाल्यात नाही तर कचऱ्यात, कुठे तरी टाकणार आणि डोकं धरून बसणार. त्याने तोंडावर ते नाक पुसायचं फडकं बांधलं आणि दुसऱ्या स्कीवर पूड भुरभुरली.

पक्षी मेला ते एक वेळ अजाणता झालं म्हणेन. दुसरी स्की त्याने जाणून केली.

लेम्पी परतली. पिंजऱ्यावरचं कापड बघून म्हणाली, "झोपवलंस का रे याला भरदिवसा?" मग कापड काढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पिंजऱ्याचं दार उघडल्याचा. रॉडनी बाहेर अंगणात बर्फ उपसत होता. आदल्या दिवशीच उपसून झालेलं अंगण.

काइसा घरी आली तेव्हा लेम्पी बशीत घडी केलेल्या फडक्यावर पिप्पुरीला ठेवून बसली होती. हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

"मुम्मू, काय झालं याला?" इकडे आजीला मुम्मू म्हणतात.

"काय माहीत, बाळा. सकाळी माझ्या बोटावर बसून दाणे खात होता."

"पक्षी जातात असे," रॉडनी म्हणाला. तोपर्यंत तो आत येऊन चुलीशी बसला होता. "छोटासा तर जीव. वय झालं असेल."

"वय त्याचं नव्हतं झालेलं," लेम्पी म्हणाली. "माझं झालंय."

"आई, एक पोपट होता तो. आपण दुसरा आणू."

थोड्या वेळाने काइसा म्हणाली, "बाबा, तू इतका कुडकुडतोयस का? चुलीला चिकटून बसलायस."

"सर्दी झालीय."

"सकाळी तर नव्हती. मुम्मू, याच्या कपाळाला हात लाव."

"तापलाय चांगलाच," लेम्पी म्हणाली.

खुर्ची सरकली. काइसा जिना उतरून आली. मार्गो मॅडमनी पहिल्याच दिवशी पोरांना त्या पुडीबद्दल बजावलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. धूर छातीत गेला की रात्रीपर्यंत ताप भरतो, आणि घरात पक्षी असेल तर तो जगत नाही. तिने टेबलावरच्या स्कीवरून बोट फिरवलं. मग मला उचललं, उलटं केलं, नाकाजवळ नेलं. आणि तिचं तोंड असं वाकडं झालं, जसं तुंबलेल्या मोरीत हात घालताना होतं.

या मुलीने नऊ वर्षांची असल्यापासून मला हातात धरलं होतं. मी जगाची किळस करत आले. माझी कुणी केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

तिने मला वर नेलं आणि जेवणाच्या टेबलावर, त्या बशीच्या शेजारी ठेवलं. किती वर्षांनी मी ते स्वयंपाकघर बघत होते. पडदे इस्त्रीचे होते, पण दुसऱ्या इस्त्रीचे.

"बाबा, बाटली कुठेय?"

"कसली बाटली?"

"मला परत विचारायला लावू नकोस."

रॉडनी आगीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शाळांच्या शर्यतीत कोण तपासतं? कुणी नाही. सगळे लावतात."

"कोण सगळे? नाव सांग एकाचं."

"काइसा, मी काय स्वतःसाठी केलं? तुझ्या पायांत ताकद आहे. त्या पोरींच्या बापांकडे ट्रक भरून सामान असतं. मी आयुष्यभर दुसरा आलो, तू येऊ नयेस एवढंच..."

"मी दुसरी आले तर मी येईन. तू नाही येणार," काइसा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि उद्या याच इस्त्रीने तू संघातल्या सगळ्यांच्या स्कींना मेण लावणार होतास. एल्सीच्या, त्या छोट्या टॉर्स्टेनच्या. त्यांनाही लबाड करणार होतास, त्यांना न विचारता."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या तोंडावरून कळत होतं. तसल्या चेहऱ्याची दया यायला हवी होती, पण मला आली ती किळसच. इतकी वर्षं मला हाताळून या माणसाला एवढंही सुचू नये, की माझ्या तळव्याला लागलं ते पुढच्या प्रत्येकाला लागतं.

लेम्पीने बशी स्वतःकडे ओढून घेतली. तिने विचारलं, "रॉडनी, कापड तू घातलंस ना पिंजऱ्यावर?"

त्याने रिकाम्या पिंजऱ्याकडे बघितलं.

"म्हणजे तू वर आलास. बघितलंस. आणि परत खाली गेलास."

"आई..."

"ताप उतरला की बोल. आत्ता तुझं काही ऐकायची माझी इच्छा नाही."

ती उठली. मासे साफ करायची जाड कात्री तिने खणातून काढली. मला वाटलं ती मला पुसणार, जुन्या सवयीने. तिने माझी वायर मुळाशी धरली आणि कापली. एका दाबात कापली नाही, हात दुखतो तिचा. तीनदा दाबावी लागली. कुणी मदतीला उठलं नाही, आणि तिने मागितलीही नाही.

मग तिने हात साबणाने धुतले. पुन्हा धुतले.

काइसाने त्याच संध्याकाळी मार्गो मॅडमना फोन केला. बापासमोर, त्याच्याकडे बघत. "माझ्या बाबांनी लावलंय," असं सरळ सांगितलं. मॅडम गाडी घेऊन आल्या, रॉडनीकडून शेडची किल्ली परत घेतली, पूड लावलेल्या त्या चांगल्या स्की पिशवीत बांधून नेल्या. त्या स्कींत मुरलेलं आता कुठल्याही पट्टीने निघणार नाही. जाताना रॉडनीला म्हणाल्या, "पोरं विचारतील रे तू कुठेयस म्हणून. मी काय सांगू ते तूच ठरव."

दुसऱ्या दिवशी काइसा तिच्या जुन्या, सरावाच्या स्की घेऊन गेली. मेण तिने नुसतं हाताने घासलं आणि बुचाच्या तुकड्याने चोळलं. दुपारी बर्फ ओला झाला. स्की चिकटायला लागल्या, चढावर मागे घसरायला लागल्या. ती खूप मागे राहिली. घरी येऊन तिने माशाचं सार दोन वाट्या संपवलं आणि तिथेच टेबलावर डोकं टेकलं. रॉडनी ब्लँकेट गुंडाळून दारात उभा होता.

"कशी झाली?" त्याने विचारलं.

"घाणेरडी," काइसा म्हणाली. "पण माझी झाली."

मला लेम्पीने घरात ठेवलं नाही. अंगणापलीकडे सौनाची लाकडी खोली आहे, घाम काढायची. तिच्या दाराला वाऱ्यात टेकण हवं असतं, तिथे मी आहे. जमीन गोठलेली होती म्हणून पिप्पुरीला त्यांनी कॉफीच्या डब्यात घालून लाकडांच्या शेडमध्ये ठेवलं होतं. बर्फ वितळायला लागला तसा एका सकाळी रॉडनी कुदळ घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्याने खड्डा गरजेपेक्षा खोल खणला, डबा ठेवला, माती लोटली आणि टोपी काढून उभा राहिला. ओठाखाली तंबाखू नव्हता. मग लेम्पी खिडकीतून बघतेय का हे बघायला त्याने मान वळवली. ती बघत होती. तिने पडदा ओढला नाही, हातही हलवला नाही.

मला त्याची कीव आली. पण शिसारी गेली नाही. दोन्ही एकाच जागी राहू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

काइसा आता स्वतःच्या स्की स्वतःच बघते, मार्गो मॅडमच्या शेडमध्ये, दारं उघडी टाकून. रॉडनी घरी तिच्यासाठी एवढंच करतो, बाहेर जाऊन चिमूटभर बर्फ बोटांत चोळतो आणि रंग सांगतो. कधी ती त्याचं ऐकते, कधी ऐकत नाही.

परवा पुन्हा बर्फ पडला. रॉडनी सौनासाठी लाकडं घेऊन आला, वाकला आणि मला हातात घेतलं. कापलेल्या वायरीचं टोक अंगठ्याने चाचपलं. काइसा मागून बादली घेऊन येत होती.

"नवी वायर बसेल हिला," तो म्हणाला. "तळ घासला, नीट पॉलिश केला, तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

काइसाने बादली खाली ठेवली. "ठेव ती, बाबा."

त्याने ठेवली. नीट ठेवली, दाराशी, तोंड भिंतीकडे करून.

माझं एवढंच मागणं आहे. मला घासू नका, चकचकीत करू नका, आणि पुन्हा कधी तापवू नका. माझ्या आत काय मुरलंय ते मला माहीत आहे. मला थंडच राहू द्या.